आधी बॉयलर, मग ॲप: रेडिंगच्या घरात बसवलेलं स्मार्ट हीटिंग

गेल्या हिवाळ्याआधी आम्ही घरचं हीटिंग बदललं. पाणी तापवणारा गॅसचा बॉयलर तोच, ते गरम पाणी खोल्याखोल्यांत फिरवणारे भिंतीवरचे रेडिएटर तेच. बदललं ते फक्त त्यांना चालवणारं डोकं: ड्रेटन वायझरचा एक हब (सगळ्यांना जोडून बॉयलरला हुकूम देणारा डबा), एक बिनतारी रूम थर्मोस्टॅट आणि रेडिएटरला लावायचे पाच स्मार्ट व्हॉल्व्ह. अख्खा हिवाळा वापरून सांगते, घरातल्या प्रत्येकाला हवी तशी ऊब मिळाली, गॅसचं बिल उतरलं, आणि पुन्हा निवडायची वेळ आली तर मी हेच निवडेन.

तुम्हीही डोळे मिटून हेच घ्या, असं मात्र म्हणणार नाही. इथे ब्रिटनमध्ये ऑक्टोबर उजाडला की आपल्या लोकांच्या गप्पांत हा विषय निघतोच. कोणी हाइव्ह म्हणतं, कोणी नेस्ट, कोणी टाडो. ॲप कसं दिसतं, अलेक्साला सांगून चालतं का, ब्लॅक फ्रायडेला किती स्वस्त मिळतं, सगळं बोललं जातं. "तुमच्याकडे बॉयलर कुठला आहे?" हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि सगळं त्याच्यावरच तर आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं घर रेडिंगला, 1930च्या दशकातलं, तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. स्वयंपाकघरातल्या कपाटात आयडियल कंपनीचा लॉजिक कॉम्बी बॉयलर आहे. म्हणजे पाण्याची टाकी नाही, नळ सोडला की पाणी तिथल्या तिथे तापून येतं. आधीची व्यवस्था इथल्या हजारो घरांत असते तीच होती: हॉलवेच्या भिंतीवर एक गोल थर्मोस्टॅट, आणि रेडिएटरांना 1 ते 5 आकड्यांच्या साध्या खुंट्या. हॉलवे 19 अंशांना पोचला की बॉयलर बंद. मग वरच्या उत्तरेकडच्या खोलीत 16 का असेनात. पुढचं दार उघडलं की हॉलवे गार होतो आणि त्या एका झुळकेपायी अख्खं घर तापत बसतं.

दोघंच होतो तोवर हे चालून गेलं. मग लेक झाली आणि बाळंतपणाला सासूबाई मिरजेहून आल्या. एकाच घरात दोन टोकांच्या गरजा झाल्या. हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळाला बघायला घरी येणारी सरकारी नर्स, सांगून गेली की बाळ झोपतं ती खोली 16 ते 20 अंशांच्या मध्ये असावी. बाळांच्या सुरक्षित झोपेसाठी काम करणाऱ्या ललबाय ट्रस्ट या संस्थेचाही हाच सल्ला आहे, कारण झोपेत बाळाला फार गरम होणं हा अचानक बालमृत्यूच्या धोक्याशी जोडलेला घटक आहे. आणि सासूबाईंना 18 अंशांत दोन स्वेटर घालूनही गुडघे दुखतात. वयस्कर माणसांसाठी खोली निदान 18 अंश असावी असं इथलं आरोग्य खातंही सांगतं. पण मिरजेच्या माणसाला 18 म्हणजे कुडकुडायलाच होतं, त्यांना 21 ते 22 लागतं. त्या आमच्या बोलण्याला मान देऊन गप्प बसायच्या, आणि रात्री खोलीत विजेचा पंख्याचा हीटर लावायच्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. चुकत होती घराची रचना. पण तेव्हा इथे गॅसचं युनिट साधारण 6 पेन्सला आणि विजेचं 26 पेन्सला पडत होतं. दोन किलोवॅटचा तो हीटर तासभर सलग चालला की 50 पेन्स गेलेच. शिवाय म्हातारं माणूस झोपलेल्या खोलीत रात्रभर असा हीटर चालू ठेवणं मला बिलाआधी जिवाच्या दृष्टीने नको होतं.

तेव्हा आमची पहिली गरज ठरली: प्रत्येक खोलीचं तापमान वेगळं ठेवता आलं पाहिजे. दुसरी गरज: सासूबाईंना फोन हातात न घेता ते बदलता आलं पाहिजे. माझ्या लेखी दुसरी गरज पहिलीइतकीच मोठी होती. घरातल्या मोठ्या माणसाला ऊब हवी म्हणून सुनेकडे मागावी लागते, हे मला पटत नाही.

आता बॉयलरकडे येते, कारण खरी निवड इथे होते.

थर्मोस्टॅट बॉयलरशी दोन प्रकारे बोलतो. पहिला प्रकार नुसता चालू आणि बंद. खोली गार झाली, बॉयलर चालू, आणि चालू म्हणजे त्याच्यावर लावलेल्या तापमानाचंच पाणी. आमच्याकडे तो आकडा 75 अंशांवर होता. बॉयलर बसवणाऱ्याने कधी काळी लावलेला, आणि त्यानंतर कोणी बघितलेला नाही. दुसऱ्या प्रकारात थर्मोस्टॅट बॉयलरला सांगतो की आत्ता 45 अंशांचं पाणी पुरे, बाहेर फार थंडी आहे तर 60 दे. ही भाषा अनेक कंपन्यांनी मिळून वापरात आणली आहे, तिचं नाव ओपनथर्म. दूध तापवताना आपण गॅस मोठा करून दर मिनिटाला बंद-चालू करत बसत नाही, बारीक करून ठेवतो, तसं हे आहे.

याने फरक का पडतो? गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. रेडिएटरमधून फिरून परत येणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असेल, तर ती वाफ बॉयलरच्या आतच निवून पाणी होते आणि तिच्यातली उष्णता घराला मिळते. परतीचं पाणी त्याहून गरम असेल तर ती धुराड्यातून बाहेर. 2005पासून इथे बसवलेले जवळपास सगळे गॅस बॉयलर या कंडेन्सिंग प्रकारचेच आहेत. म्हणजे चांगलं यंत्र घरात आधीच असतं, आणि 75 अंशांवर चालवून आपण त्याचा निम्मा गुण वाया घालवतो. 2022च्या महागाईत नेस्टा या संस्थेने लोकांना कॉम्बी बॉयलरच्या हीटिंगचा आकडा 60पर्यंत खाली आणायला सांगणारी मोहीम काढली होती, ती याचसाठी. त्याला एक पै खर्च नाही. हे वाचून स्मार्ट काहीही घ्यायचं नसेल तरी एवढं करून बघा. फक्त घरात गरम पाण्याची टाकी असेल तर थांबा. टाकीतलं पाणी 60 अंशांपर्यंत तापलंच पाहिजे, नाहीतर त्यात लीजिओनेलाचे जिवाणू वाढायचा धोका असतो. तिथे आधी जाणकाराला विचारा.

आमच्या आयडियल लॉजिकला ओपनथर्मची जोडणी आहे. पण सगळ्याच बॉयलरना नसते. वायलंट स्वतःची ईबस भाषा वापरतं, वूस्टर बॉश स्वतःची ईएमएस. अशा बॉयलरला नुसता ओपनथर्मवाला थर्मोस्टॅट घेऊन काम भागत नाही, तो चालू-बंदच्या वायरीवर जोडला जातो आणि त्याचा मोठा फायदा हातचा जातो. तिथे त्याच कंपनीचा कंट्रोलर, किंवा कंपनीचा वेगळा जोड-भाग मिळतो का ते बघावं लागतं. म्हणून आधी बॉयलरचं मॉडेल लिहून घ्या, त्याची इन्स्टॉलेशनची पुस्तिका कंपनीच्या साइटवरून उतरवा, आणि तिच्यात ओपनथर्म शब्द आहे का ते शोधा. दहा मिनिटांचं काम, पण सगळ्या जाहिरातींपेक्षा जास्त कळतं.

यानंतर आमच्या यादीतली नावं भराभर कमी झाली. नेस्ट दिसायला सुरेख, भावाकडे न्यू जर्सीत आहे आणि तो खूष आहे. पण 2025च्या एप्रिलमध्ये गूगलने जाहीर केलं की युरोपात यापुढे नवे नेस्ट थर्मोस्टॅट आणणार नाही, आणि जुन्या पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या थर्मोस्टॅटची ॲपची साथ त्याच वर्षी ऑक्टोबरात संपेल. भिंतीवर लावायची वस्तू मी दहा-पंधरा वर्षांसाठी घेते. तिथे तो विषय संपला. टाडो म्युनिकची कंपनी, या कामातली जुनी आणि जाणती. ओपनथर्मही येतं आणि काही बॉयलर कंपन्यांच्या स्वतःच्या भाषाही येतात. वायलंटवाल्यांनी ती आवर्जून बघावी. पण घरातून सगळे बाहेर पडले की आपोआप तापमान उतरवण्याची सोय तिथे मासिक वर्गणीत आहे, आणि घर तापवायला वर्गणी भरायची माझी तयारी नाही. हाइव्ह ब्रिटिश गॅसचं, वापरायला सोपं, ओळखीत बऱ्याच घरांत आहे. हनीवेलचं इव्होहोम खोल्या वेगळ्या करण्यात जुनं आणि भक्कम, पण आमच्या बजेटबाहेर जात होतं.

वायझर श्नायडर इलेक्ट्रिकच्या ड्रेटन या ब्रँडचं. एका हबवर 16 खोल्यांपर्यंत जाता येतं, कॉम्बीसाठीच्या हबवर ओपनथर्म आहे, वर्गणी नाही, आणि वेळापत्रक हबमध्येच राहतं, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी घर ठरल्याप्रमाणे तापतं. शेवटच्या मुद्द्याला मी फार वजन देते. जानेवारीत वायफाय गेलं म्हणून बाळाची खोली गार पडली, हे कुठल्याही घरात होता कामा नये.

बसवायला माणूस शोधणं हे मात्र वस्तू निवडण्यापेक्षा अवघड निघालं. पहिल्याने येऊन बॉयलर बघितला आणि सांगितलं की ओपनथर्मने काही फरक पडत नाही, मी चालू-बंदच्या वायरीवर जोडून देतो, अर्ध्या तासात काम. मी पुस्तिकेचं पान दाखवलं. त्याने ते न वाचताच "सगळे असंच करतात" म्हटलं. मी त्याला चहा दिला आणि काम दिलं नाही. याचा राग मला आजही आहे. घरोघरी लोक पैसे मोजून चांगला थर्मोस्टॅट घेतात आणि बसवणाऱ्याच्या कंटाळ्यापायी तो नुसता महागडा दिव्याचा बटण होऊन बसतो. घरमालकाला ते कधी कळतही नाही, कारण खोली तर गरम होते.

दुसरा माणूस शेजारच्या आजींनी सुचवला. त्याने फोनवरच बॉयलरचं मॉडेल विचारलं, तेव्हाच मला बरं वाटलं. आल्यावर न मागता गॅस सेफचं, म्हणजे गॅसची कामं करणाऱ्यांच्या इथल्या अधिकृत नोंदणीचं, कार्ड दाखवलं. कार्डाच्या मागच्या बाजूला त्या माणसाला कुठल्या कामाची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय ठेवा. बॉयलरचं झाकण उघडणं हे गॅस सेफ नोंदणी असलेल्यानेच करायचं काम. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: अमेरिकेतले व्हिडिओ बघून इथल्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला हात घालू नका. तिथे वायरींत 24 व्होल्ट असतात, इथल्या जुन्या थर्मोस्टॅटमध्ये बहुतेक वेळा पूर्ण 230 व्होल्ट येतात.

त्याने आधी बॉयलरशेजारचा फ्यूज काढून खिशात ठेवला. खिशात, म्हणजे दुसरं कोणी परत लावणार नाही. मग टेस्टरने प्रत्येक वायर तपासली. हॉलवेतला गोल थर्मोस्टॅट काढल्यावर मागून तीन वायरी निघाल्या: फेज, न्यूट्रल, आणि थर्मोस्टॅटने हाक दिली की बॉयलरकडे परत जाणारी तिसरी. ती जुनी केबल त्याने दोन्ही टोकांना सुटी केली, टोकं बंद केली आणि भिंतीवर कोरी प्लेट मारली. हब बॉयलरशेजारी, आमच्या डाळींच्या डब्यांच्या वरच्या कप्प्यात बसला. तिथून बॉयलरपर्यंत ओपनथर्मच्या दोन बारीक वायरी नव्याने टाकल्या. त्यात डावं-उजवं नसतं, कुठलीही कुठेही लागते, पण जुनी 230 व्होल्टची वायर चुकून त्या जागी लागली तर बॉयलरचं सर्किट जळतं. हे त्याने काम करता करता नवऱ्याला नीट समजावून सांगितलं. मग बॉयलर चालू करून हीटिंगच्या पाण्याचा आकडा आपोआप वर-खाली होतोय हे पडद्यावर दाखवलं, आणि मगच सामान आवरलं. तुमच्याकडे काम झालं की हे बघितल्याशिवाय माणसाला सोडू नका. सगळ्या कामाची पावती हीच.

रेडिएटरचे व्हॉल्व्ह मी स्वतः बसवले. त्याला ना वीज लागते ना पाणी काढावं लागतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. जुन्या खुंटीच्या खालची कडी हाताने फिरवली की खुंटी निघून येते, खाली पितळी व्हॉल्व्ह आणि त्याच्या मधोमध एक बारीक पिन दिसते. स्मार्ट व्हॉल्व्ह म्हणजे ती पिन दाबणारी छोटी मोटर. बहुतेक व्हॉल्व्हचे आटे 30 मिलिमीटरचे असतात, त्यावर तो थेट बसतो. काही जुन्या डॅनफॉसच्या व्हॉल्व्हना ॲडॅप्टर लागतो. आमच्या मागच्या खोलीतली पिन उन्हाळाभर दाबलेली राहून अडकली होती. पक्कडीच्या टोकाने हलकेच खाली-वर केल्यावर मोकळी झाली. जोर लावून ओढायची नाही. मात्र तुमच्या रेडिएटरला आकड्यांची खुंटी नसून नुसतं नळासारखं चाक असेल, तर तो व्हॉल्व्हच बदलावा लागतो आणि त्यासाठी सगळ्या पाइपांतलं पाणी काढावं लागतं. तो खर्च आधी धरा.

पाच व्हॉल्व्ह असे लागले: बैठकीत, जेवणाच्या जागेत आणि तिन्ही बेडरूममध्ये. हॉलवेचा रेडिएटर आणि बाथरूममधला टॉवेल वाळवायचा शिडीसारखा रेडिएटर मुद्दाम साधे आणि उघडे ठेवले, कारण सगळे व्हॉल्व्ह एकाच वेळी बंद झाले तर बॉयलरचं पाणी फिरायला वाट राहिली पाहिजे.

रूम थर्मोस्टॅट बैठकीत, खिडकी आणि रेडिएटरपासून लांब, छातीच्या उंचीवर. स्वयंपाकघराच्या दाराजवळ लावणार होतो, पण तिथे पोळ्या करताना त्याला घर गरम झाल्यासारखं वाटलं असतं. व्हॉल्व्हचं तसंच आहे. तो रेडिएटरला चिकटलेला, त्यामुळे त्याला खोलीपेक्षा जरा जास्त ऊब जाणवते. लांब पडदा त्याच्यावर आला तर आणखीच. सासूबाईंच्या खोलीतला पडदा मी खिडकीच्या कठड्याइतका आखूड करून घेतला. त्यानंतर व्हॉल्व्हचा आकडा आणि त्यांच्या उशाशी ठेवलेला साधा थर्मामीटर जुळायला लागले.

आता सासूबाईंबद्दल. या व्हॉल्व्हची टोपी अधिकच्या बाजूला पिळली की त्या खोलीचं तापमान तासाभरासाठी दोन अंशांनी वाढतं आणि मग आपोआप मूळ जागी येतं. फोन नको, चष्मा नको, कोणाला विचारायला नको. अधिकची खूण पांढऱ्यावर पांढरी, म्हणून मी तिथे एक लाल टिकली चिकटवली. "आई, गारठलं की टिकलीच्या बाजूला पिळा." दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला सांगितलं, पहाटे जपाला बसताना पिळलं, छान ऊब आली. पंख्याचा हीटर त्या आठवड्यात माळ्यावर गेला.

एक अडचण मात्र समजुतीची होती. रेडिएटर आता चटका बसेल इतका तापत नाही, बराच वेळ कोमटच असतो. त्यांनी हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "अगं, हा बंद पडला वाटतं." थर्मामीटर दाखवला तर 21. 45 अंशांचं पाणी संथपणे दिवसभर फिरतं, भिंती गार पडत नाहीत, आणि एकदम गरम-एकदम गार असं होत नाही. दोन दिवसांत त्यांना ते आवडायला लागलं. म्हणाल्या, अंगावर येत नाही ही ऊब.

बाळाच्या खोलीला 18, आमच्या बैठकीला 20, सासूबाईंना दिवसा 21, रात्री 19. रिकामी मागची खोली 16. तिला आणखी खाली न्यायचा मोह होतो, पण नेऊ नका. इथल्या घरांत बाहेरच्या भिंतीचा कोपरा गार पडला की हवेतला ओलावा तिथे साचतो आणि काळी बुरशी धरते. आपल्या घरांत ओलावा जास्तच. कुकरच्या शिट्ट्या, भाताची वाफ, आणि हिवाळाभर घरातच वाळणारे कपडे. मशीनमधून निघालेल्या कपड्यांच्या एका खेपेतून दोनेक लिटर पाणी हवेत जातं. बाळाची लंगोट-दुपटी रोजची. रूम थर्मोस्टॅटवर आर्द्रताही दिसते, ही गोष्ट मी घेताना लक्षातही घेतली नव्हती आणि आता रोज बघते. 60 टक्क्यांच्या वर गेली की मागची खिडकी दहा मिनिटं उघडायची, स्वयंपाकघराचा पंखा लावायचा. खिडकी उघडल्याचं तापमानाच्या घसरणीवरून ओळखून त्या खोलीचं हीटिंग थोडा वेळ थांबवायची सोयही आहे. मिरचीची फोडणी दिली आणि मागचं दार सताड उघडलं, तर तेवढा वेळ बागेला ऊब देत बसत नाही.

खोल्या वेगळ्या करता येतात म्हणून प्रत्येक खोली दर तासाला वेगळी करायची, असं मात्र करू नका. आमच्यासारख्या घराला कडाक्याच्या थंडीतही सात-आठ किलोवॅट पुरतात. बॉयलरवरचा 30चा आकडा मुख्यतः नळाच्या गरम पाण्यासाठी असतो. एकच छोटी खोली ऊब मागत असेल तर एवढा मोठा बॉयलर कितीही बारीक झाला तरी तिला जास्तच होतो, मग तो सारखा चालू-बंद होतो आणि ओपनथर्मचा हेतूच फसतो. आम्ही वापरातल्या खोल्या दोन-तीन अंशांच्या फरकात आणि जवळपास एकाच वेळापत्रकावर ठेवतो. ज्या खोलीत बाळ किंवा म्हातारं माणूस आहे तिथेच खरी मर्जी सांभाळायची.

बिलाचं विचाराल तर गॅसची युनिटं आधीच्या हिवाळ्यापेक्षा स्पष्ट कमी झाली, आणि तेही सासूबाई दिवसभर घरात असताना, जेव्हा पूर्वी आम्ही दोघं कामावर असायचो आणि घर बंद असायचं. दोन हिवाळे सारखे नसतात, त्यामुळे टक्केवारी मी सांगणार नाही. पण मला विचाराल तर यातला मोठा वाटा 75वरून खाली आलेल्या पाण्याचा आहे. ॲपमधले आलेख त्यानंतर.

जे आवडत नाही तेही लिहिते, आणि यातलं बरंचसं इतर कंपन्यांच्या स्मार्ट व्हॉल्व्हलाही लागू आहे. व्हॉल्व्ह उघडताना-मिटताना मोटरची घरघर होते. दिवसा ऐकू येत नाही, पण मध्यरात्री, बाळ जेमतेम झोपलेलं असताना, येते. उपाय असा की रात्रभर एकच तापमान ठेवायचं, बदल बाळाच्या झोपेच्या आधी आणि उठल्यानंतर. दुसरं, प्रत्येक व्हॉल्व्हमध्ये दोन पेन्सिल सेल लागतात. चांगले अल्कलाइन घ्या, आणि घरात जास्तीचे ठेवा. तिसरं, हबला 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय लागतं. राउटरवर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झचे दोन्ही पट्टे एकाच नावाने असतील तर जोडताना डोकं खाजवावं लागतं. आधी 2.4ला वेगळं नाव द्या.

भारतात जाताना घर 15 वर ठेवून गेलो. मुंबईला विमानात बसायच्या आधी फोनवरून घर परत नेहमीवर आणलं. हीथ्रोपर्यंत साडेनऊ-दहा तास, सामान मिळून घरी पोचेपर्यंत आणखी दोन. कोमट पाण्याने हळूहळू तापणाऱ्या घराला तेवढा वेळ पुरेसा होतो. बाळाला घेऊन डिसेंबरच्या रात्री दारात उभं राहायचं असेल तर या एका सोयीसाठी मी पैसे मोजेन.

पैशांचं म्हणाल तर हब आणि थर्मोस्टॅटचा संच शंभर ते दोनशे पाउंडांत मिळतो, व्हॉल्व्ह प्रत्येकी चाळीस-पन्नासच्या घरात. सगळे व्हॉल्व्ह एकदम घेऊ नका. आधी बाळाची आणि म्हाताऱ्यांची खोली, बाकीचे सेलमध्ये. आणि बसवणाऱ्याकडूनच वस्तू आणि काम एकत्र घेतलं तर हीटिंगच्या कंट्रोलवर ग्रेट ब्रिटनमध्ये 31 मार्च 2027पर्यंत शून्य व्हॅट आहे. दुकानातून स्वतः आणली तर 20 टक्के भरावा लागतो. ही गोष्ट कोटेशन मागतानाच विचारा, बरेच जण आपणहून सांगत नाहीत.

भाड्याच्या घरात असाल तर बॉयलरच्या वायरीला हात लावायला घरमालकाची लेखी परवानगी हवी. पण नुसते व्हॉल्व्ह लावता येतात, घर सोडताना काढून नेता येतात. जुन्या खुंट्या खोलीचं नाव लिहून पिशवीत जपून ठेवा, परत लावून द्याव्या लागतात. आणि बॉयलरऐवजी हीट पंप (बाहेरची उष्णता ओढून घर तापवणारं विजेवरचं यंत्र) बसवायचा विचार पुढच्या दोन-तीन वर्षांत असेल तर आत्ता व्हॉल्व्हांवर फार खर्च करू नका. हीट पंपाला सगळे रेडिएटर उघडे लागतात, आणि त्याचा कंट्रोलर त्याच्याबरोबरच येतो.